खळ्यावरचा पालथा वीर

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. ऐकल्याबरोबर नाक मुरडलंत ना? खुशाल मुरडा. वर्गात ज्याला काही येत नाही त्याला तुम्ही माझंच नाव ठेवता, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण मी हट्टी आहे. माझी गोष्ट ऐकवल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही, कारण गोष्ट सांगण्यासाठीच मला घडवलं होतं.

फार फार वर्षांपूर्वी कडावच्या शिवारात एक माणूस गावाची गुरं वाचवताना मारला गेला. त्याच्या माणसांनी मला डोंगरातून आणलं आणि एका पाथरवटाने माझ्या अंगावर त्याची हकीकत कोरली. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावी म्हणून चित्रांतच कोरली. तळाशी तो ढाल-तलवार घेऊन उभा आहे आणि त्याच्या पाठीशी गुरं आहेत. त्याच्या वर दोन अप्सरा त्याला हाताला धरून स्वर्गात नेत आहेत. त्याहून वर तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसला आहे. आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर ह्याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. कीर्तीची एवढी काळजी घेतली, पण त्या भल्या माणसांनी नाव काही कोरलं नाही! अशा दगडाला वीरगळ म्हणतात.

पुष्कळ वर्षं लोक येता-जाता माझ्यापुढे थांबत आणि पोराबाळांना ती हकीकत सांगत. पुढे सांगणारे सरले. एका पुरात मी उन्मळलो आणि तोंडावर आपटलो. माझ्या वीराचं तोंड चिखलात आणि माझी सपाट पाठ आभाळाकडे. भात पिकवणाऱ्या माणसाला सपाट दगड दिसला की त्याला दुसरं काय सुचणार? "झोडायला बेस हाय," असं म्हणून कुणीतरी मला ओढत खळ्यावर नेलं आणि तसाच पालथा घातला. खडबडीत बाजू वर ठेवली तर पेंढा अडकतो, म्हणून ती खाली. मी आतून ओरडत होतो, "अरे, उलटा करा मला!" पण दगडाचं कोण ऐकतो?

ते खळं पुढे इंदूबाईच्या घराकडे आलं. इंदूबाईचं घर बौद्धवाडीत होतं. दिवाळी सरली की ती पदर खोचून उभी राही आणि भाताची एकेक पेंढी डोक्यावरून फिरवून माझ्या पाठीवर आपटी. दाणे झरझर खाली पडत. तिच्या आधी तिच्या सासूने तसंच झोडलं होतं. माझी पाठ घासून घासून गुळगुळीत झाली आणि मधोमध एक उथळ खळगा पडला. मला तिचा राग नव्हता. तिच्या पेंढीखाली मी निदान कुणाच्या तरी पोटापाण्याला उपयोगी पडत होतो. पण माझ्या वीराचं काय? वर्षानुवर्षं बिचारा मातीत तोंड खुपसून पडला होता, आणि ते मला फार लागत असे.

एकोणीसशे त्रेसष्टचा सुमार असेल. गावच्या शाळेत मराठी शिकवायला कमळाकर गुरुजी सायकलवरून दहिवलीहून येत. एकदा त्यांनी मुलांना सांगितलं, "भाषा नुसती पुस्तकात राहत नाही, ती वस्तूंना चिकटून राहते. वस्तू हरवली की तिचे शब्दही हरवतात. उद्या प्रत्येकाने घरातली सर्वांत जुनी वस्तू आणा आणि तिची माहिती सांगा."

दुसऱ्या दिवशी अडकित्ते आले, समया आल्या, भात मोजायची पायली आली. इंदूबाईची मुलगी कोंडी मात्र रिकाम्या हाताने उभी राहिली.

"गुरुजी, आमच्यात जुनं काय नाय," ती म्हणाली. "देव व्हते. धर्म बदलला तवा आजीनं ते नदीत सोडले. आता जुना म्हंजे खळ्यावर एक दगड हाय."

वर्ग फिदीफिदी हसला. कोंडीने मान खाली घातली नाही. "हसता काय रं?" ती म्हणाली. "माझ्या आजीच्या आदीपासून हाय तो. तुमच्या समयांपेक्षा जुना!"

"खरं आहे," गुरुजी म्हणाले. "आणि जो आपल्याकडे येऊ शकत नाही, त्याच्याकडे आपण जायचं."

सगळा वर्ग खळ्यावर आला. गुरुजींनी इंदूबाईला माझ्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "झोडून झालं का दगडाच्या कडंखालचे दाणे बोटांनी येचते मी. तवा खालच्या अंगाला बोटांना कायतरी लागतं. नक्षीवानी."

गुरुजी मातीत गुडघे टेकून बसले आणि त्यांनी माझ्या कडेखाली हात घातला. त्यांच्या बोटांना गाईचं शिंग लागलं. मित्रांनो, मला पाझर फुटायचाच बाकी राहिला होता! वाडीतली माणसं पहारी घेऊन आली, आणि एवढ्या काळानंतर माझ्या वीराने ऊन पाहिलं. मातीनेच त्याला जपलं होतं. तलवारीचं टोकसुद्धा मोडलं नव्हतं.

पण म्हणतात ना, आगीतून निघून फुफाट्यात! दोनच दिवसांनी वरच्या आळीतले बुधाजी पाटील बैलगाडी घेऊन हजर झाले. हातात शेंदराची वाटी होती आणि सोबत चार गडी.

"देव सापडलाय म्हनं," ते म्हणाले. "देवळात नेतो. तुमी देव सोडलेत, इंदूबाय. तुमच्याकडं त्यो शोभायचा नाय."

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. घाव मी सोसलेच होते, पण मला देवपण नको होतं. शेंदराचे थरावर थर चढले की माझा वीर पुन्हा बुजणार. आधी चिखलात बुजला होता, आता भक्तीत बुजेल, एवढाच काय तो फरक.

इंदूबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "देव आमी सोडले, ह्ये खरं," ती म्हणाली. "पन ह्यो देव नाय, बुधाजीदादा. ह्यो मानूस हाय. मानूस आमी कुठं सोडला? तुमी त्याला शेंदूर लावनार आसाल, तर मी हालायची नाय हितून."

बुधाजींचा चेहरा तांबडा झाला. गडी पुढे सरकले. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "पाटील, न्यायचा की नाही ते मग ठरवा. आधी तो काय सांगतो ते तर ऐका. कोंडे, वाच."

कोंडीने माझ्या तळाशी बोट ठेवलं आणि ती खालून वर वाचू लागली. "ह्यो मानूस लढतोय. ह्याच्या मागं गुरं हायती. गुरं न्यायला कोन आलंय, त्यास्नी ह्यो आडवतोय. मंग ह्यो मेला. मंग ह्या बाया त्याला वर नेतात."

"गुरं कोनाची?" बुधाजींनी एकदम विचारलं.

"गावाची आसतील. एकट्याची एवढी कुठून?"

बुधाजी खाली वाकले. गाईगुरांवर त्यांचा भारी जीव होता. त्यांनी एकेक शिंग निरखून पाहिलं. शेवटी शेंदराची वाटी त्यांनी गाडीत परत ठेवली.

"म्हंजे आपल्या वाडवडलांची गुरं राखली ह्यानं," ते म्हणाले. "मंग फूल तरी ठिवू का नाय?"

"फूल ठिवा की," इंदूबाई म्हणाली. "फूल तर आमीबी ठिवू."

त्याच गड्यांनी मला खळ्याच्या कडेला, वाटेवरून दिसेन असं उभं केलं. पण आता इंदूबाईने भात कशावर झोडायचं? बुधाजींनी दुसऱ्या दिवशी गाडीत घालून एक नवा सपाट दगड पाठवला. गडी तो टाकणार, तोच इंदूबाई ओरडली, "थांबा रं! आदी उलटा करून बघा!"

उलटा केला. कोरा होता. सगळे पोट धरून हसले, आणि मग तो दगड माझ्या जुन्या जागी बसला.

मित्रांनो, तुमच्याही गावात असे कितीतरी पालथे पडलेले असतील. कुणी ओढ्यावर धुणं आपटायला, कुणी दाराशी पायरी म्हणून, कुणी शेंदराखाली गुदमरलेले. त्यांना हाक मारता येत नाही. म्हणून तुम्हीच वाका, कडेखाली हात घाला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. सापडला तर त्याला रंग लावू नका, त्यावर आपलं नाव खरडू नका, आणि तो फक्त आपलाच आहे असंही म्हणू नका. त्याला फक्त वाचा.

पुढे कोंडीच त्या शाळेत मराठी शिकवू लागली, आणि आता निवृत्त झाली तरी तिचा एक नेम चुकत नाही. दरवर्षी ती शाळेचा एक वर्ग माझ्याकडे आणते आणि मुलांकडून मला खालून वर वाचून घेते. मग ती त्यांना माझ्या मागच्या बाजूला नेते.

"पुढची बाजू कोणी कोरली?" ती विचारते.

"माहीत नाही, बाई. नाव नाही लिहिलेलं."

"आणि ही मागची?"

मुलं बुचकळ्यात पडतात. मागे तर काहीच कोरलेलं नाही. तेव्हा ती एखाद्या मुलाचा हात धरून माझ्या पाठीवरच्या त्या गुळगुळीत खळग्यात ठेवते.

"ही माझ्या आजीने आणि आईने," ती म्हणते. "आजीचं नाव चंद्राबाई, आईचं इंदूबाई. लिहून घ्या. या वेळी नाव राहून जाता कामा नये."