लाल पट्टीवरची फुली

मी पट्टी. तुमच्या फोनच्या पडद्यावर वरून सरकत येते, दोन शब्द बोलते आणि तुमच्या अंगठ्याखाली मरते, तीच. थांबा, फुली दाबू नका. आज जरा जास्त बोलणार आहे.

माझा जन्म कोपरखैरण्याचा. दीपेश नावाच्या पोराने एका हातात वडापाव धरून दुसऱ्या हाताने मला बनवलं, नेरूळमधल्या एका सोसायटीच्या वेब ॲपसाठी. माझं शिक्षण चार वाक्यांचं. 'जतन झालं', 'पासवर्ड चुकला', 'पुन्हा प्रयत्न करा' आणि 'काहीतरी गडबड झाली आहे'. काय गडबड झाली ते दीपेशलाही ठाऊक नसायचं. पण मी असं गंभीर तोंड करून सांगायचे की माणूस स्वतःलाच दोष देत बसायचा.

दीपेशने मला दोन रंग दिले. हिरवी झाले की क्षणभर दिसून आपोआप जायचं. लाल झाले की फुली दाबेपर्यंत हलायचं नाही. "लाल फक्त आगबिग लागली तर हां, काका," असं त्याने सेक्रेटरी श्यामसुंदरकाकांना बजावलं होतं. काका म्हणाले, "हो रे, कळतं मला." दुसऱ्याच दिवशी मी लाल होऊन सगळ्या फोनांवर: 'जिन्यात कुणाची तरी डावी चप्पल पडली आहे.'

मग रोजचंच झालं. गच्चीवर गोधड्या वाळत घालू नयेत. कुंड्यांत पान थुंकू नये. सूनबाई क्षिप्राने केलेला ढोकळा, फोटोसकट, तोही लाल. मलाही मजा यायची, खोटं कशाला बोलू. अर्धी दाढी झालेल्या माणसाला दचकवण्यात सुख आहे.

पण तुमची किळस येते हो. भजीच्या तेलाचे अंगठे, टूथपेस्टचे अंगठे. नाकातून निघालेलं बोट थेट माझ्या तोंडावर. संडासात बसून मला वाचणारे तर विचारू नका. वाचणारे कसले, पुसणारे. लाल दिसलं की फुली.

त्या रविवारी सकाळी छपराखालच्या पार्किंगचं बुकिंग उघडणार होतं. जो आधी दाबेल त्याची जागा. अख्खी सोसायटी दारं बंद करून, एसी लावून, फोनवर अंगठा रोखून बसलेली. नेमके तेव्हाच श्यामसुंदरकाका आणि सातव्या मजल्यावरच्या सुमित्राबाई लिफ्टने खाली निघाले, आणि दुसऱ्या मजल्याजवळ लिफ्ट बंद पडली. दिवा गेला, पंखा गेला. सुमित्राबाईंना दमा. त्यांचा पंप घरी, टीव्हीशेजारी.

काकांनी बेल दाबली. ती बंद. 'बेल लवकरच दुरुस्त होईल' हे मीच मागे लाल होऊन सांगितलं होतं. मुलाला, ऋषीला फोन लावला. ऋषीने कापला. मग त्यांनी मला धाडलं: 'मी व सुमित्राबाई लिफ्टमध्ये अडकलो आहोत.'

"आत्ता येतील बघा," काका म्हणाले.

"तुमचे मेसेज कोण वाचतं, भाऊ?" एवढं बोलायलाही सुमित्राबाईंना भिंत धरावी लागली.

मी सगळ्या घरांत एकदम पोचले आणि सगळ्या घरांत एकदम मेले. काकांच्या स्वतःच्या घरातसुद्धा.

"पप्पांचं परत सुरू झालं," ऋषी म्हणाला. "आत्ताच फोन पण करत होते."

"तू लक्ष नको देऊ," क्षिप्रा म्हणाली. "कोपऱ्यातली जागा घे, तिथे खांब नाहीये."

लिफ्टमध्ये काका 'पाठवा'वर अंगठा आपटत सुटले. पण रेंज गेलेली, मी आतच तुंबले. सुमित्राबाई खाली बसल्या. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. काका फोन खाली ठेवून भाजीच्या पिशवीने त्यांना वारा घालू लागले.

मग रेंजची एक काडी आली आणि तुंबलेल्या आम्ही सगळ्या एकदम सुटलो. एकीखाली एक, क्षिप्राच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत. शेवटची बरोब्बर 'बुक करा' या बटणावर जाऊन बसली. असं कधी होईल याचा दीपेशने विचारच केला नव्हता. देव त्याचं भलं करो.

"अरे, हे हटत का नाहीये," क्षिप्रा करवादली. एक फुली, दुसरी फुली, तिसरी फुली. बटण काही दिसेना. आडवं काय आलंय ते बघायला म्हणून तिने मला वाचलं.

"ऋषी, पप्पा लिफ्टमध्ये अडकलेत."

"एक मिनिट, माझं ओपन होतंय."

"ऋषी, मी काय बोलतेय."

क्षिप्राने बोलावलेल्या वॉचमनने किल्ली लावून लिफ्टचं दार उघडलं तेव्हा सुमित्राबाईंचे ओठ निळे पडत चालले होते. क्षिप्रा त्यांच्या घराची चावी घेऊन जिन्याने पळत वर गेली, पंप घेऊन पळत खाली आली. औषध आत गेल्यावर बाईंनी डोळे उघडले. तेवढ्यात वरून कुणीतरी विचारलं, "तुम्हाला मिळालं का हो पार्किंग?"

थू.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला पुन्हा लाल करून धाडलं: 'काल मदतीला धावून आलेल्या सर्वांचे आभार. गच्चीवर गोधड्या वाळत घालू नयेत.' सगळ्यांनी फुली दाबली. क्षिप्रानेही.

फक्त सुमित्राबाईंच्या फोनवर मी अजून आहे. आधी वाटलं, बाई मनापासून वाचतायत. मग कळलं, फुली कुठे आहे तेच त्यांना दिसत नाही. परवा शेजारीण म्हणाली, "काढून देऊ का, मावशी?"

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "तिचा काय त्रास आहे."

म्हणून तुम्हालाही सांगते. दाबा फुली, चिरडा मला, माझा जन्मच त्यासाठी आहे. पण आधी एकदा वाचा. आणि त्याच्याही आधी हात धुऊन या.