अर्धा फेरा

या व्यवहारात मिस्त्रींना मिळायचं होतं ते एवढंच: लेकीबरोबर एक दुपारचं जेवण, एक संध्याकाळचा चहा आणि जमल्यास थोड्या गप्पा. भांडवल म्हणाल तर एक पाना. लेक वर्षातून एकदा माहेरी यायची आणि सकाळच्या रेल्वेनं ती परत निघणार होती; दोन तासांवरच्या स्टेशनपर्यंत मिस्त्रीच आपल्या गाडीनं सोडणार होते. "राहा गं अजून एक दिवस," एवढं म्हणायला फुकट पडलं असतं. पण फुकटच्या मालावर मिस्त्रींचा विश्वास नव्हता. शिवाय मागितलं आणि नाही म्हणाली तर?

म्हणून आदल्या संध्याकाळी, लेक बॅग भरत असताना, त्यांनी आपल्या जुन्या डिझेल गाडीचं बॉनेट उघडलं आणि फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली की इंजिनाच्या कितीही विनवण्या करा, ते पेटत नाही. लोकांच्या गाड्यांमधली हवा काढून जन्मभर पोट भरलं. घालायची वेळ पहिल्यांदाच आली.

सकाळी बॅग डिकीत गेली. लेक शेजारी बसली. इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझला, मिस्त्रींनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, कण्हलं, गप्प झालं. पुन्हा फिरवली. स्टार्टर गरागरा, इंजिन ढिम्म.

आवाज ऐकून शेजारचे काका हातात चहाचा कप घेऊन हजर.

"बॅटरी बसली, मिस्त्री!"

"बॅटरीनं अख्खी गल्ली जागी केली, आणि म्हणे बसली!"

"मग डिझेल संपलं असेल."

"अर्धी टाकी आहे."

"मग मारू धक्का. मी आहे की!"

"तुमच्या धक्क्यानं गाडी नाही, कंबर सुटेल तुमची." मिस्त्री लेकीकडे न बघता म्हणाले, "एअर धरलीये. कुठून घेते ते शोधायला हवं. वेळ लागणार. रेल्वे काही मिळत नाही आता." शेवटचं वाक्य जरा घाईनंच आलं.

लेक खाली उतरून बॉनेटमध्ये वाकली. लहानपणी बापाच्या गॅरेजात खोक्यावर उभी राहून, लाइनीतली हवा काढायला डिझेलचा हातपंप तीच दाबायची आणि "बुडबुडे संपले, बाबा!" म्हणून ओरडायची. फिल्टरवर ताजा ओलावा चमकत होता. न्हाणीघरातल्या टॉवेलला सकाळीच डिझेलचा वास आला होता. तिनं बोट रुमालाला पुसलं.

"बाबा, काही म्हणायचंय का तुम्हाला?"

मिस्त्री इंजिनाकडे बघत राहिले, जणू प्रश्न त्याला होता.

"मला काय म्हणायचंय? एअर धरलीये."

तिनं फोन काढला. काकांचं बॅटरीपुराण संपायच्या आत भाड्याची गाडी दारात उभी. मिस्त्रींच्या हिशेबात हे कलम धरलेलंच नव्हतं. त्यांच्या उमेदीच्या काळात गाडी बंद पडली की पाहुणा मुक्कामाला राहायचा.

"भाडं मी देतो."

"असू दे, बाबा."

तिनं त्यांचा काळा हात क्षणभर हातात धरला आणि गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, "आणि तो स्क्रू घट्ट करा. कालपासून गळतोय."

"कुठला स्क्रू?" गाडी वळल्यावर काकांनी विचारलं.

"तुमचा चहा निवला," मिस्त्री म्हणाले.

काका गेल्यावर त्यांनी हातपंप मारला. बुडबुडे आले, विरळ झाले, संपले. ते सांगायला कोणी नव्हतं. स्क्रू आवळला, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फेऱ्याला सुरू झालं. शेजारची सीट त्याच्या हादऱ्यानं थरथरत राहिली.

भाडं लेकीनं भरलं. जेवण, चहा, गप्पा हा नुसता अपेक्षित नफा होता, तो मिळाला नाही इतकंच. पण स्टेशनपर्यंतचे दोन तास, लेक शेजारी, हे मात्र हक्काचे होते. ते मिस्त्रींनी पदरचे घातले.