खिडक्यांची मापं

थाप माझी होती. आमच्या ह्यांचा त्यात काही हात नाही, कारण ह्यांचा कशातच हात नसतो. "तुला योग्य वाटेल ते कर," म्हणाले आणि ड्रिल मशीन खांद्याला अडकवून कुणाच्या तरी हॉलमध्ये पडद्याचे रॉड ठोकायला निघून गेले. ज्या वहिनीनं त्यांना लहानपणी बोट धरून शाळेत पोचवलं, तिच्यासाठी केअर होम शोधायचं कुणी? तर मी. जावेनं.

आमचं पडदे शिवायचं दुकान आहे. पुढच्या दोन खोल्या दुकानाच्या, मागच्या राहायच्या. ताई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, माप घेणार आणि कापणार, मी शिवणार. थोरले दीर लवकर गेले, ताईंना मूलबाळ नाही, त्यामुळे दुकान हाच त्यांचा संसार. गिऱ्हाइकं त्यांना मोठ्या बाई म्हणतात आणि मला धाकट्या बाई. मी पन्नाशी ओलांडली तरी धाकटीच. पहिली दहा वर्षं आमचं पटलं नाही. पुढची दहा वर्षं पटतंय की नाही हे बघायला वेळ नव्हता. आणि मग कधी तरी लक्षात आलं, की माझ्या मशीनच्या आवाजावरून त्यांना कळतं, मी रडतेय की नुसती सर्दी झालीये.

तीन वर्षांपूर्वी ताईंनी एक पडदा मधोमध कापला. हात सरळ, रेघ सरळ, आडव्या धाग्याला धरून अगदी सुबक. एवढंच, की तो पडदा शिवून, इस्त्री होऊन, न्यायला तयार होता. आम्ही हसलो. ताईही हसल्या. त्यानंतर हसण्यासारखं हळूहळू कमी होत गेलं. इस्त्री चालू ठेवून निघून जाणं, अर्ध्या कपड्यांवर रस्त्यात सापडणं, ह्यांना "तुम्ही कुणाकडचे?" म्हणून विचारणं. मी कात्र्या कुलपात ठेवायला लागले. मग शेगडीचं बटण काढून खिशात. मग दाराला वरून कडी.

आणि मग ती दुपार. एका घरी पडदे लावून द्यायचे होते आणि हे दुसरीकडे गेलेले. मी ताईंना कापडाचे तागे ठेवतो त्या खोलीत बसवलं, पुढ्यात चिंध्यांची टोपली दिली आणि बाहेरून कुलूप लावलं. अर्ध्या तासाचं काम होतं, लागले तीन तास. कुणी विचारलं तर मी सांगायची तयारी केली होती की त्यांचा रॉड वाकडा निघाला. रॉड वाकडा निघाला हे खरं आहे. पण तो सरळ झाल्यावर मी तिथे बसून चहा घेतला. त्या घरच्या बाई अजून घेता का म्हणाल्या, तर अजून घेतला. त्या बाईंनी सुरू केलेलं वाक्य त्या शेवटपर्यंत नेत होत्या, आणि शेवटी तेच वाक्य असायचं. मला उठवेना.

घरी येऊन कुलूप काढलं. ताई ओल्या कपड्यांनी दाराशी बसलेल्या. दाराच्या फटीत घालून घालून बोटांची सालं निघाली होती. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलीस. आत कुणी तरी अडकलंय गं. मघापासून ओरडतंय."

हे मी ह्यांना सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. बोटांना मलम लावलं आणि दुसऱ्या दिवशी केअर होमना फोन करायला बसले.

डॉक्टरांचं म्हणणं, जागा ठरवण्याआधी त्यांना एकदा नेऊन दाखवा, कुठे रमतील ते कळेल. सांगायला काय जातंय! ताई तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातही यायला तयार नसत. चौकट दोन्ही हातांनी धरून उभ्या राहत. फक्त एका शब्दाला त्या चप्पल घालून माझ्याआधी दारात असत: ऑर्डर. तर मी म्हटलं, "ताई, मोठी ऑर्डर आहे. खिडक्या बघून यायच्यात." लगेच गळ्यात मापाची टेप, कानावर पेन्सिल, हातात मापांची वही. "किती खिडक्या?" म्हणाल्या. त्या प्रश्नाला मात्र मी तयार नव्हते.

पहिलं केअर होम मला बाहेरूनच आवडलं. खरं सांगायचं तर मला तेवढंच बघायचं होतं. दर्शनी काच, काचेच्या टाकीत मासे, भिंतीला चंदेरी अक्षरं. शेजारपाजारचे कधी भेटायला आले असते तर म्हणाले असते, छान ठेवलंय हो तुम्ही त्यांना. मी फोनवर आधीच कल्पना दिली होती, त्यामुळे तिथल्या मॅनेजर बाई गोड हसून म्हणाल्या, "या या, पडदेवाल्या ना तुम्ही!" आणि मला डोळा मारला. तो डोळा मला अजून बोचतो.

ताईंनी खिडकीला टेप लावली. मग कडीला हात घातला. हलेना. दुसरी खिडकी, तीही हलेना.

"ह्यांना खिळे मारलेत," ताई म्हणाल्या.

"सुरक्षेसाठी असतं आजी ते," मॅनेजर बाई म्हणाल्या.

"वारा नाही, उघडणं नाही, मिटणं नाही. मग पडदा कशाला हवा? चित्र चिकटवा एखादं." आणि मला, हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चल गं. काम माहीत नसलेलं गिऱ्हाईक आहे."

मी मासे बघत बसले होते. खिडकी उघडून बघायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्या ठिकाणी वास होता. फिनेलचा, आणि फिनेलखाली जो असतो तो. ताईंनी वहीत एक आकडा लिहिला आणि मग एका पलंगावरच्या चादरीचं टोक उचलून बोटांत चोळलं. "ही नुसती वाळवतात, धूत नाहीत," म्हणाल्या. तेवढ्यात नाश्त्याची ट्रॉली ढकलत एक सेविका आली. तिला कुणी काही सांगितलेलं नसावं. आम्हा दोघींकडे बघून तिनं मोठ्यानं विचारलं, "नवीन पेशंट ह्याच का?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ताईंनी सेविकेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग वही काखेत मारली, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस. मी आहे ना. तुला नाही ठेवायची इथे."

बसमध्ये त्यांनी मला खिडकीकडे बसवलं. दर थांब्याला विचारत होत्या, "आता कसं वाटतंय? चक्कर येत नाही ना?" मी म्हणायची, बरं वाटतंय. पुढच्या थांब्याला पुन्हा. समोरच्या बाईनं काळजीनं मला गोळी देऊ केली, आणि मी ती घेतली. नाही कशी म्हणणार?

घरी हे विचारत होते, "मग? ठरलं?" मी म्हटलं, "एकदा तुम्ही या बरोबर." तर म्हणाले, "मला बघवणार नाही गं." आणि डोळे पुसायला लागले. आमच्या घरात न बघवण्याची सोय फक्त एकाला आहे.

तिसरं ठिकाण वस्तीच्या टोकाला, जुनी दुमजली इमारत, रंग पार उडालेला. तिथल्या मोठ्या नर्स फोनवर म्हणाल्या होत्या, "माप घ्यायला या, माझी हरकत नाही. पण मी नाटक करणार नाही." मी हो म्हटलं. नाटक मला एकटीला जमेल, असं मला वाटलं.

त्या पांढऱ्या बुटांतल्या, थोराड, कमी हसणाऱ्या बाई होत्या. त्यांनी वरच्या मजल्यावरची एक खोली दाखवली. दोन पलंग, दोन्ही रिकामे. दोन कपाटं, एक खिडकी. जिन्याखाली स्वयंपाकीण कुणावर तरी ओरडत होती, "आजोबा, तो माझा चष्मा आहे, तुमचा डोक्यावर आहे!" ताईंनी कडी काढली आणि खिडकी उघडली. बाहेर लोखंडी जाळी होती, पण वारा आत आला. ताईंनी उंची घेतली, रुंदी घेतली, टेप दोन वेळा लावून बघितली आणि वहीत लिहिलं, साठ बाय अठ्ठेचाळीस. एवढ्या वर्षांत माझं नाव हजार वेळा चुकलं असेल, आकडा एकदाही नाही.

"हे काम घे," त्या मला म्हणाल्या. "खिडकी उघडते. आणि ही बाई उगाच हसत नाही."

माझ्या छातीवरून धोंडा उतरला. मी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, त्यांनी स्वतः निवडली. लोकांना सांगायचं वाक्य तिथेच तयार झालं: त्यांनाच आवडली हो जागा, आम्ही काही जबरदस्ती केली नाही. शिवून, इस्त्री करून, घडी घालून वाक्य तयार.

नर्सबाईंनी हातातले कागद खाली ठेवले, ताईंसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"बाई, तुम्ही इथे कशाला आलात?"

"पडद्यांच्या मापाला."

नर्सबाई माझ्याकडे वळल्या. "खरं तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी त्यांना बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हटलं, "कशाला उगाच? उद्यापर्यंत त्या विसरून जातील."

"विसरतीलच," त्या म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात. "मग सांगायला तुम्हाला अडचण काय आहे?"

उत्तर मला माहीत होतं. ताई विसरणार होत्या, आणि मी नाही.

"फसवून आणलेलं माणूस मी घेत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "नंतर आमच्यावर चिडतात, तुमच्यावर नाही. कशासाठी चिडलोय ते आठवत नाही, पण चीड राहते. तुम्ही सांगा. मी इथेच आहे."

ताई टेप गुंडाळत होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. तीस वर्षं मी त्यांना उलट बोलले आहे, भांडले आहे, एकदा तर आठ दिवस नुसत्या खुणांनी धंदा केला आहे. पण असं काही सांगायची वेळ कधी आली नव्हती.

"ताई, ही ऑर्डर नाही. ही खोली तुमच्यासाठी आहे. तुम्ही इथे राहायचं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खिडकीकडे. मला वाटलं, कळलं नाही. पुन्हा सांगावं लागणार.

"मग हे माप चुकलं," ताई म्हणाल्या.

चपला काढून त्या खिडकीजवळच्या पलंगावर आडव्या झाल्या. उशीवर डोकं टेकलं, डोळे बारीक करून खिडकीकडे बघितलं. गिऱ्हाइकाचं माप उभं राहून घ्यायचं असतं; झोपणारा कुठे झोपतो ते त्याचं त्यानं बघावं, असं त्याच मला शिकवत आलेल्या. "सकाळचं ऊन सरळ तोंडावर येणार," त्या म्हणाल्या. "अस्तर लागेल. आणि खाली चार बोटं जास्त." मी वहीत लिहिलं.

मग त्यांनी मान वळवून दुसऱ्या पलंगाकडे बघितलं.

"तो तुझा ना?"

नर्सबाई दारात उभ्या होत्या.

"नाही ताई. मी घरी जाणार."

"का?" त्या उठून बसल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. मुलाला वर्गाबाहेर उभं केलं की त्याचा चेहरा होतो, तसा झाला होता. "मी काय केलं?"

मला सांगता आलं असतं, इस्त्री, रस्ता, कापलेला पडदा. सगळं खरं होतं. पण त्यांची बोटं मांडीवर होती, आणि टोकांची कातडी अजून गुलाबी होती.

"तुम्ही काही नाही केलं," मी म्हटलं. "मी केलं. मी तुम्हाला कोंडून गेले आणि वेळेवर आले नाही. मला यायचंच नव्हतं. मी थकले ताई. तुमचं करून मी थकले."

माझ्याच कानांना ते फार मोठ्यानं ऐकू आलं. ताईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं, कापडात दोष आहे का बघतात तसं.

"अगं, मग उभी कशाला?" म्हणाल्या. "थकलीस तर बस की."

आणि भिंतीकडे सरकून त्यांनी पलंगावर जागा केली. मी बसले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वरून खाली फिरवत राहिल्या, चुण्या बसवतात तसा. मी रडले नाही. रडायला तोंड कुठे होतं मला?

"पाच मिनिटं बस," थोड्या वेळानं त्या कानाशी कुजबुजल्या. "मग उठायचं. गिऱ्हाईक बघतंय."

मी पाच मिनिटांहून जास्त बसले. मग उठले, दाराजवळच्या टेबलाशी गेले आणि प्रवेशाच्या कागदावर नर्सबाईंनी दाखवलं तिथे सही केली. ताई पलंगावरून विचारत होत्या, कापड कुठलं घ्यायचं, फिकं की गडद. सही करताना माझी पाठ त्यांच्याकडे होती. ती मी मुद्दाम केली होती.