लटारूचा खर्ज

ब्रह्मपुरीच्या गायन समाजात लटारू कोहपऱ्याला एकच सूर येत असे. पण तो असा खोल, की लागला म्हणजे मांडवाच्या बांबूंना कंप सुटे. समाजाचे चालक गुणवंतराव एकदा नागपूरला जाऊन वेगवेगळ्या आवाजांत एकत्र गाणारी मंडळी ऐकून आले होते. तेव्हापासून ते छडी घेऊनच शिकवत. "छडी वर गेली का आवाज वाढवाचा. खाली येईपर्यंत कोनी थांबाचं नाई, आभाय कोसळलं तरी!"

१९५६च्या माघात बाजारातल्या मांडवात जलसा झाला. आधी अभंग झाले, गौळण झाली. लोकांनी माना डोलावल्या. मग गुणवंतरावांनी स्वतः रचलेलं आधुनिक समूहगीत सुरू झालं. विषय जपानी पद्धतीची भातलावणी. बाया 'रांगेत लावू' म्हणत, बापे 'खत टाकू' म्हणत, आणि त्याखाली लटारूचा अखंड 'आऽऽ'. गर्दी पाहिली की त्याचा सूर हरवे, म्हणून डोळे गच्च मिटलेले. त्यामुळे रुखमाबाईची म्हैस मांडवात शिरली, ती त्याला सोडून सगळ्यांना दिसली.

तिला हाकलायला गुणवंतरावांनी छडी उगारली. गाणाऱ्यांनी इमानानं आवाज वाढवला. गलका ऐकून लटारूला वाटलं, लोक खूश झाले! त्यानं बेंबीच्या देठापासून जोर लावला. म्हैस आणखी पुढं आली.

"थांबा ना बे!" गुणवंतराव ओरडले. पण छडी वरच होती.

लटारूच्या मानेवर गरम श्वास आला, मग कानावरून खरखरीत जीभ फिरली. त्यानं डोळे उघडले आणि सूर तुटला. बाकीचेही गायचे थांबले. तेव्हा म्हशीनं मान वर करून तोच सूर लावला.

पेटीवाल्या गफ्फारभाईंनी पेटीची काळी पट्टी दाबून सूर जुळतो का पाहिलं. "काली एक. बराबर हाय."

"वन्स मोर!" लोक ओरडले.

रुखमाबाई दोर घेऊन धावत आली. ओढलं, ढकललं, म्हैस हलेना. "लटारूभाऊ, आता तुमीच गा. तुमच्याच मागं येते थे."

लटारू गात निघाला. मागं म्हैस, तिच्यामागं रुखमाबाई, आणि मग हसत-खिदळत सगळा मांडव. गोठ्यात शिरल्यावर म्हैस मुकाट कडबा खाऊ लागली.

"सकायी धारेच्या वक्ती याल काय, भाऊ? आजकाल थे दूध चोरते, पान्हाच सोडत नाई."

गाण्यासाठी आजवर कोणी त्याला घरी बोलावलं नव्हतं. लटारू लाजून लाल झाला. "येतो ना. पन कोनतं गानं म्हनू?"

"मले काय मालूम? तिलेच इचारा."