कुटुंबप्रमुखाची सही

"ही ओळ राहिली तुमची," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी अर्ज टेबलावरून परत समताकडे सरकवला. त्यांचं बोट जिथे टेकलं होतं तिथे छापलं होतं: कुटुंबप्रमुखाचे नाव व संमतीची सही.

"राहिली नाही," समता म्हणाली. "वर नाव लिहिलंय ना. समता जानराव हिवराळे. माझ्या घरात मी एकटीच आहे."

सेक्रेटरी हसले. माणूस वाईट नव्हता. इस्त्रीचा सदरा, मऊ बोलणं, समोरच्याला आधी खुर्ची आणि मग पाणी देणारा. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की फ्लॅटमालकांची काही हरकत नाही, करारही झाला आहे, पण एकटी महिला राहायला येते तेव्हा सोसायटी तिच्या घरच्या माणसाची संमती घेते. वडील, भाऊ, कोणीही चालेल. उद्या काही कमीजास्त झालं तर कोणाला विचारायचं?

समताने विचारलं की या इमारतीत एकटा पुरुष कोणी राहत नाही का. सेक्रेटरी म्हणाले, राहतात की, तिसऱ्या मजल्यावर एक सर आहेत. बायको-मुलं नाशिकला असतात त्यांची.

"त्यांच्यासाठी कोणी सही केली?"

"ते स्वतःच कुटुंबप्रमुख आहेत, ताई."

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज उच्चारलं की त्यात काही खटकण्यासारखं असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. समताने मात्र फाटकाकडे पाहिलं. फाटकाबाहेर बुलडाण्याकडच्या मोताळ्याहून आलेला टेम्पो सकाळी सातपासून उभा होता. त्यात तिची लोखंडी खाट होती, कपाट होतं, भांड्यांची दोन पोती होती आणि चादरीत गुंडाळलेल्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरी होत्या. टेम्पोचा ड्रायव्हर हरिओम तिच्याच गावचा. रात्रभर गाडी हाकून तो आता स्टिअरिंगवर डोकं ठेवून पेंगत होता.

समताचं वय एकेचाळीस. मोताळ्याजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात तिने सोळा वर्षं कंत्राटी नर्स म्हणून काढली. पाच गावांत तिला कोणी नावाने ओळखत नसे, सगळ्यांची ती सिस्टर. लसीकरण तिचं, बाळंतपणं तिची, साप चावला तरी आधी हाक तिलाच. मागच्या वर्षी आई, चांगुणाबाई, गेली. तीन वर्षं अंथरुणावर होती, तिचं सगळं समतानेच केलं. आईनंतर घरात धाकटा भाऊ अश्वजित, त्याची बायको आणि दोन लेकरं राहिली. मागची खोली समताची, असं सगळ्यांनी न बोलता धरून टाकलं. संध्याकाळी ती आली की लेकरांचा अभ्यास तिच्याकडे, सकाळचा डबा तिच्याकडे. कोणी वाईट वागत नव्हतं. फक्त तिला काय हवंय, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. पुण्याच्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी मिळाली आणि तिने येते म्हणून कळवलं, तेव्हा अश्वजितने पंधरा दिवस अबोला धरला. ती निघाली तेव्हा तो आपल्या मोबाइलच्या दुकानातून घरी आलासुद्धा नाही.

आणि आता त्यालाच फोन लावायचा होता.

तिने लावला. कामापुरतं सांगितलं. पलीकडून अश्वजितचा हसण्याचा आवाज आला.

"म्हंजे भाऊ लागतेच न शेवटी," तो म्हणाला. "मी तं म्हटलं, तुले आता कोणाचीच गरज नाई. दे त्यायले फोन."

सेक्रेटरींनी फोन स्पीकरवर ठेवला. अश्वजितचा आवाज एकदम बदलला, घोटून पाठ केल्यासारखा शुद्ध झाला. तो म्हणाला की नमस्कार साहेब, मीच घरचा कर्ता. आमच्या घरातल्या बायका एकट्या कुठे जात नाहीत, पण हिची नोकरीची हौस होती, म्हणून मी परवानगी दिली आहे. काही चुकलंमाकलं तर थेट मला फोन करा, मी घेऊन जाईन.

"झालं," सेक्रेटरी खूश होऊन म्हणाले. त्यांनी स्वतःच्या पेनाने त्या ओळीत लिहिलं: अश्वजित जानराव हिवराळे, भाऊ. संमती फोनवर घेतली.

समता त्या निळ्या अक्षरांकडे पाहत राहिली.

वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि अश्वजित नऊचा. पुढच्या वर्षी त्याला बुलडाण्याच्या वसतिगृहात घालायचं होतं. आई मजुरीवर गेलेली, म्हणून समताच त्याला घेऊन एसटीने गेली होती. हेडमास्तरांनी विचारलं, पालक कोण? ती म्हणाली, मीच. हेडमास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पेन तिच्या हातात दिलं. पालक म्हणून आयुष्यातली ती तिची पहिली सही. त्यानंतर दहावीपर्यंत प्रत्येक निकालपत्रावर तिची सही होती. गणितात नापास झाला तेव्हा हाच अश्वजित प्रगतिपुस्तक पाठीमागे लपवून तिच्यासमोर उभा राहिला होता, आणि तिने ओरडण्याऐवजी त्याला पाटीवर भागाकार शिकवला होता, पुन्हा पुन्हा, जमेपर्यंत.

तो आता परवानगी देत होता.

"पेन द्या," ती म्हणाली.

सेक्रेटरींना वाटलं, हिला आपली सही करायची असेल. समताने भावाच्या नावावर आडवी रेघ मारली. एक मारून भागलं नाही. ती रेघा मारत गेली आणि शेवटी कागद फाटतो की काय असं झालं. मग त्या ओळीवर उरलेल्या जागेत तिने स्वतःचं नाव लिहिलं.

"अहो ताई, हे काय केलंत? असं नाही चालत. आता मी किल्ली कशी देऊ?"

सकाळपासून सांभाळून धरलेली पुस्तकी भाषा तिच्या तोंडातून निसटली. "नका देऊ. मी काई परत जाऊन नाई राह्यली. माह्या भावाले मी वाढवलं. त्यानं मले वाढवलं नाई."

ती बाहेर गेली आणि टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारली. हरिओम दचकून जागा झाला. सामान उतरव म्हणाली. कुठं, त्याने विचारलं. इथंच, फाटकात.

"सिस्टर, फाटकात संसार मांडता काय?" हरिओमने डोळे चोळले. "लोकायच्या गाड्या अडतीन न."

"अडू दे."

हरिओमची दोन्ही पोरं तिच्या हातावर जन्मलेली. त्याने पुढे काही विचारलं नाही. दोर सोडले, खाट उतरवली, फाटकात आडवी टाकली. खाटेच्या उशाशी कपाट उभं केलं आणि पायथ्याशी भांड्यांची पोती ठेवली. समता खाटेवर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. हरिओम टेम्पोला टेकून तंबाखू मळू लागला आणि वॉचमनला म्हणाला, "घाबरू नको बे. बाई शांत हाय. पर उठत नसते."

थोड्या वेळात आत गाड्या जमल्या. कोणी हॉर्न वाजवला, कोणी गॅलरीतून वाकून पाहिलं. एक बाई स्कूटरवरून उतरून विचारू लागली की झालंय काय, आणि वॉचमनने तिला काय सांगितलं कोण जाणे, ती तोंडावर हात ठेवून बाजूला झाली. समताने कोणाकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत तिला असा राग करायची सवड मिळाली नव्हती.

सेक्रेटरी घाम पुसत आले. खाटेपाशी वाकून हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमचं मला पटतं. पण माझ्या हातात काही नाही हो. कागदावर घरचं माणूस लागतंच."

समताने मान वर केली. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. शब्द, आवाजातली मऊ सहानुभूती, अगदी हात चोळणंसुद्धा. हे वाक्य तिचं स्वतःचं होतं.

उपकेंद्रात कळा देणारी बाई आली की समता आधी विचारी, संगं कोण हाय? घरचं माणूस आणा, सही लागते. तशी पद्धतच होती. तिच्या आधीच्या सिस्टरने तेच केलं, तिने तेच चालवलं. एकदा धम्मशीला नावाची बाई भर दुपारी शेजारणीचा हात धरून चालत आली होती. नवरा पिंपळगाव राजा या गावी कामावर गेलेला. ती म्हणाली, सिस्टर, मीच करतो न सही, मले लिहिता येते. समता म्हणाली, तुझं मला पटतं, पण माझ्या हातात काही नाही. आणि तिला पडवीतल्या बाकावर बसवलं. नवरा येईपर्यंत दीड तास. बाळ सुखरूप झालं, म्हणून ती गोष्ट कोणी उगाळली नाही. फक्त धम्मशीला लसीकरणाला यायची तेव्हा बाळ पुढे करायची आणि तोंड दुसरीकडे फिरवायची. समताला तेव्हा वाटायचं, काय तऱ्हेवाईक बाई आहे.

तो बाक केवढा होता, तेही समताला आता आठवलं. जेमतेम दोन हात. कळा देणाऱ्या बाईला त्यावर धड आडवंही होता येत नव्हतं.

राग गेला नाही. उलट वाढला, पण आता त्यातला अर्धा स्वतःकडेच वळला होता आणि म्हणून तिचा आवाज खाली आला.

"साहेब," ती म्हणाली, "मी सोळा वर्षं नर्स होते. बाया मरणाच्या दारात यायच्या आणि मी त्यांच्या नवऱ्याची सही मागायची. तुमच्यासारखीच गोड बोलून. माझ्या हातात काही नाही म्हणायची. पण पेन माझ्याच हातात होतं. तुमच्याही हातात तेच आहे."

मागे कोणीतरी लांब हॉर्न दिला. सेक्रेटरींनी खिशातून चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. त्यांना तिचं म्हणणं पटलं की गाड्यांचा गोंधळ नकोसा झाला, हे सांगणं अवघड आहे. बहुधा दोन्ही. ते ऑफिसात गेले आणि किल्ली घेऊन परत आले. पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा लागेल, असं बजावून त्यांनी ती तिच्या हातात ठेवली. समता म्हणाली, घ्या, मी येईन मीटिंगला.

हरिओमने आणि वॉचमनने मिळून सामान वर चढवलं. दोघांना तिने चहा पाजला, खाली टपरीवर जाऊन, कारण गॅस अजून जोडायचा होता. निघताना हरिओम पायरीवर घुटमळला.

"घरी काय सांगू, सिस्टर?"

"सांग, पोचली म्हणावं."

तो गेल्यावर तिने पदर खोचला आणि घर धुवायला काढलं. गावाकडे नव्या घरात पाय ठेवला की आधी फरशी धुतात. बादली उपडी करायची, खराट्याने पाणी लोटायचं, ते आपोआप मोरीकडे जातं. तिने हॉलच्या मधोमध दोन बादल्या ओतल्या. पाणी पसरलं आणि थांबलं. या हॉलला मोरीच नव्हती. कोणत्याच कोपऱ्याकडे उतार नव्हता. दाराखालून पाण्याची एक धार लिफ्टकडे निघाली, तेव्हा तिने घाईने जुनं लुगडं फाडून दाराशी लावलं आणि उकिडवी बसून पाणी टिपायला लागली. टिपायचं, बादलीत पिळायचं, पुन्हा टिपायचं.

फोन वाजला. तीनदा वाजू दिला तिने. चौथ्यांदा ओल्या हाताने उचलला.

"भेटली न किल्ली?" अश्वजित विचारत होता. "माह्या एका शब्दावर काम झालं का नाई?"

"तुयं नाव खोडलं म्या," ती म्हणाली. "माह्या नावावर भेटली."

मागे त्याच्या दुकानात कोणीतरी मोबाइलचं कव्हर मागत होतं.

"मंग मी कोण हाव तुया?" तो म्हणाला. आवाज शुद्ध नव्हता आता.

"लहान भाऊ."

त्याने फोन ठेवून दिला. समताने काही क्षण तसाच कानाशी धरला. तो पुन्हा लावणार नाही, हे तिला ठाऊक होतं. कितीतरी दिवस लावणार नाही. रुसला की कसा बसतो, तेही तिच्या डोळ्यांपुढे आलं.

तिने फोन खिडकीत ठेवला. बादलीतलं पाणी सिमेंटच्या धुळीने राखाडी झालं होतं. ती उठली, ते बाथरूममध्ये ओतून आली आणि पुन्हा खाली बसली. अर्धी खोली अजून ओली होती.