ओढ्यातली उत्तरपूजा

मधुकरने लष्कराच्या लिलावातली जुनी जीप दारात आणून उभी केली, त्या दिवसापासून पार्ल्यातल्या त्या घरात दोन तट पडले. एका बाजूला मधुकर आणि त्याची बायको पद्मजा. दुसऱ्या बाजूला सासूबाई, थोरले भावजी श्यामकांत आणि नवरा म्हणेल त्याला ‘हो’ म्हणणाऱ्या जाऊबाई वसुधा. श्यामकांत कोर्टात कारकून, म्हणून घरातही निकाल द्यायची खोड. "दिवाळी झाली की रविवारी या खटाऱ्यातून कान्हेरीला जाऊ," त्याने निकाल दिला. "वाटेत एकदा जरी ढकलावी लागली, तर सोमवारी भंगारवाला." सासूबाईंनी मान डोलावली. म्हणजे अपिलाची वाटही बंद.

पद्मजाला जीप जाऊन चालणार नव्हतं. मधुकर रोज पहाटे तिला जुहूच्या वाळूवर गाडी शिकवत होता. घरी सांगायचं, पूजेची फुलं आणायला जातो. देवघरात इतकी फुलं उभ्या जन्मात आली नव्हती! हातात स्टिअरिंगचं चाक आलं की तिला आपण कुणाची सून, कुणाची जाऊ, याचा सपशेल विसर पडे. जीप गेली की पुन्हा आपण आणि आपली चूल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी सगळे निघाले. बोरिवलीच्या पुढे मधुकरने डांबरी सडक सोडली आणि जीप जंगलातल्या गाडीवाटेला लागली. मग काय विचारता! श्यामकांतची टोपी दोनदा उडाली, जाऊबाई चिवड्याचा डबा कवटाळून "अगं आई गं" करत होत्या, आणि पुढच्या सीटवर सासूबाई दांडी धरून ताठ बसल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला पद्मजा मनातल्या मनात गणपतीला एकेक नारळ कबूल करत होती. वाटेत ओढा आला तेव्हा नारळांचं पोतं भरलं होतं.

ओढ्यात मधोमध जीप रुतली. मागची चाकं गरगरा फिरून वाळूत बसली.

"ढकला!" श्यामकांत हर्षाने ओरडला. खटला जिंकल्याच्या आनंदात तो धोतर खोचून सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरला. सासूबाई गुडघ्यांमुळे जागच्या हलल्या नाहीत. बाकीच्यांनी जोर लावला, पण जीप ढिम्म.

पद्मजाला एकदम काहीतरी सुचलं. तिने स्टिअरिंगमागे बसलेल्या मधुकरला गाठलं. "अहो, हिची चारही चाकं ओढतात म्हणून आळीभर सांगत फिरलात ना? मग पुढची दोन का गप्प?"

मधुकरने आईकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पुढच्यांना जोडणाऱ्या दांड्याचा आईने देव केलाय."

पद्मजाने वाकून पाहिलं. गिअरच्या दांड्याशेजारी दोन बुटके दांडे होते. दसऱ्याला गाडीची पूजा करताना सासूबाईंना ती जोडी लक्ष्मीनारायणासारखी दिसली. त्यांनी दोघांना हळदकुंकू लावलं, मध्ये सुपारी ठेवली आणि लाल दोऱ्याने एकत्र बांधून टाकलं. तेव्हापासून त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"म्हणजे गाडी भंगारात गेली तरी चालेल, पण आईंना सांगणार नाही?" पद्मजाचा संताप संताप झाला. "धन्य तुमची!"

ती पाण्यातूनच सासूबाईंकडे वळली. "आई, दसऱ्याला हे लक्ष्मीनारायण बसवलेत. यांची उत्तरपूजा कधी झाली?"

सासूबाईंचा चेहरा पडला. "अगं बाई! राहिलीच की! मध्या, मुंज झालेला घोडा तू, तुला आठवण करता येत नाही?"

"मग आत्ता करू या ना," पद्मजा म्हणाली. "अक्षता टाकायच्या आणि देव जागचे हलवायचे."

"अक्षता कुठून आणू जंगलात?"

जाऊबाईंनी पहिल्यांदाच नवऱ्याला न विचारता तोंड उघडलं. "चिवड्यात पोहे आहेत. तांदळाचेच ना ते?"

दाणे, खोबरं, मिरच्या बाजूला सारून चिमूटभर पोहे निघाले. सासूबाईंनी डोळे मिटले, "पुनरागमनाय च" म्हटलं, दोरा सोडला आणि मधुकरने दाखवलं तसे दोन्ही दांडे स्वतःच्या हाताने हलवले. खट्. खट्.

"आता तुम्ही मागून लावा जोर," पद्मजा नवऱ्याला म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत स्टिअरिंगमागे बसली.

जीप गुरगुरली, पुढची चाकं चिखलाला भिडली आणि मागच्या तिघांना नखशिखान्त आंघोळ घालून ती काठ चढली. पद्मजा ब्रेककडे पाय नेणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "थांबू नकोस गं. चालव."

जीपने वळण घेतलं. पद्मजाला वाटलं, आता फुलांचा हिशेब होणार.

"माहेरी बैलगाडीत आम्हा बायकांना मागे तोंड करून बसवायचे," सासूबाई म्हणाल्या. "सुटलेली वाट तेवढी दिसायची. टांग्यातही तेच. पुढून येणारी वाट अशी असते होय!"

पद्मजाचे डोळे भरून आले. समोरचं दिसेना, म्हणून तिने गाडी थांबवली.

तिघंजण ठिबकत, धापा टाकत येऊन पोचले. मधुकरने सवयीने चाकाकडे हात केला.

"मागे बस," सासूबाई म्हणाल्या.

श्यामकांतने धोतर पिळत विचारलं, "पण आई, ढकलावी तर लागलीच. सोमवारचं काय?"

"सोमवारी मला वाकोल्याला माझ्या बहिणीकडे जायचंय," सासूबाई म्हणाल्या. "पद्मजा नेईल."