चौदा भाषणं आणि एक निरोप

मी सान रोकेच्या चर्चमधला माइक बोलतोय. हो, आज मी स्वतः बोलतोय. एकोणीस वर्षं या बेटावरच्या प्रत्येकाने माझ्या जिवावर आपलंच घोडं पुढे दामटलं. आता थोडं माझंही ऐका.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. शहरातल्या दुकानातून मी बोटीने इथे आलो, सुक्या मासळीच्या टोपलीला टेकून. खाऱ्या हवेने जाळी गंजली, वायरीला इतक्या चिकटपट्ट्या लागल्या की मूळची वायर शोधावी लागेल. पण अकरा वर्षं मी पाद्रे दुलोंच्या हातात होतो, त्यामुळे तक्रार नाही. त्यांचं प्रवचन सात मिनिटांचं. "देवाला कळलंय, तुम्हालाही कळलंय, मग उगाच कशाला ताणू?" असं म्हणून ते मला खाली ठेवायचे.

अशा माणसाला गावाने डोक्यावर घेतलं असेल, असं तुम्हाला वाटेल. घेतलं ना! बदलीचा हुकूम आल्यावर घेतलं. तोवर कुरकुरच होती. प्रवचन म्हणे फार छोटं. पाद्रींचे पाय कायम चिखलाचे. आणि श्रीमंताच्या मयताला जेवढी घंटा, तेवढीच कोळ्याच्या मयताला, हे काय शोभतं?

वादळाच्या वर्षी तर कहरच झाला. तीन दिवस सगळं गाव चर्चमध्ये कोंडलेलं, बाहेरचं लाकूड ओलं, पोरं भुकेने रडत होती. पाद्रींनी कुऱ्हाड घेतली, पहिल्या रांगेतलं बाक फोडलं आणि त्यावर भाताची पेज शिजवली. ते बाक गावप्रमुख कप्तान गाउदेन्सिओंच्या आजोबांच्या नावाचं होतं, पितळी पाटीसकट. पेज कप्तानांनीही दोन वाडगे प्यायली. मग पुढची दोन वर्षं पाद्रींशी बोलणं टाकलं.

निरोपाच्या दिवशी चर्चच्या अंगणात मांडव उभा राहिला. मला टेबलावर फुलांत बसवलं, त्यामुळे सगळं अंगण दिसत होतं. सकाळच्या बोटीने आलेला एक टक्कल पडलेला चाळिशीचा माणूस आत शिरला. साधा सदरा, पायांत रबरी चपला. हे नवे पाद्रे एमिलियानो. यायचे होते दुसऱ्या दिवशी, पण समुद्र खवळण्याआधी निघाले. पाद्रे दुलोंनी त्यांना लांबूनच ओळखलं, पण गालातल्या गालात हसून गप्प बसले.

मानांग युफ्रोसिनाने मात्र त्यांना पकडलं. मानांग म्हणजे मोठी बहीण. ही सत्तरीची बाई सगळ्या गावाची मोठी बहीण आहे, कुणी मागितली नसतानाही.

"ए भाऊ, रिकामा का उभा? लग्नाला आलायस? त्या खुर्च्या उचल!"

"कुठे ठेवू, मानांग?"

"माझ्या डोक्यावर ठेव! सावलीत ठेव रे, सावलीत. कुठल्या गावचा म्हणायचा हा!"

नव्या पाद्रींनी साठ खुर्च्या मांडल्या. मग भाषणं सुरू झाली. चौदा.

कप्तान गाउदेन्सिओ चाळीस मिनिटं बोलले. पस्तीस स्वतःवर, चार येत्या निवडणुकीवर. उरलेल्या मिनिटात त्यांनी डोळे पुसले. "वादळात मी म्हटलं, पाद्रे, माझ्या आजोबांचं बाक घ्या, पण लेकरं उपाशी राहता कामा नयेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पाद्रे दुलोंनीही टाळ्या वाजवल्या, आणि अगदी मनापासून. मी मात्र करकरलो. लोकांना वाटलं, वायर ढिली आहे.

शेवटी मानांग युफ्रोसिना उठली. "असे पाद्रे पुन्हा होणे नाही," ती म्हणाली. "आता येणाऱ्याची काय कथा सांगू? माझी मावसबहीण त्यांच्या आधीच्या गावात असते. ती म्हणते, माणूस नाकात गातो! आणि प्रवचन इतकं लांब की कोंबडी अंडं घालून उबवून मोकळी होते!"

मांडव खदखदून हसला. खुर्च्यांपाशी उभा असलेला टकलू माणूसही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

मग पाद्रे दुलो उभे राहिले. मला हातात घेतलं. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. नुसता श्वास. मला काय, जे येईल ते मोठं करायचं माहीत. तो अडखळता श्वास सगळ्या अंगणाने ऐकला. पंख्याने वारा घेणारे हात थांबले. चौदा भाषणांत रडण्याचा आवाज पुष्कळ होता. आता आवाज नव्हता आणि लोक रडत होते.

"पाद्रे एमिलियानो," पाद्रे दुलो खुर्च्यांकडे बघून म्हणाले, "जेवणाची प्रार्थना तुम्ही म्हणा."

"मेले मी!" मानांग म्हणाली. मी जवळच होतो. सगळ्यांनी ऐकलं.

नव्या पाद्रींनी मला घेतलं. "हे प्रभू, या अन्नाला आशीर्वाद दे. जाणाऱ्याला सुखरूप ने. येणाऱ्याला थोडा धीर दे, आणि जमलं तर नाकही बरं दे. आमेन."

प्रार्थना खरंच नाकातून आली.

पाद्रे दुलो दुपारच्या बोटीने गेले. माझी वायर धक्क्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिथलं मी पाहिलं नाही. लोक सांगतात, तिथे कुणीही भाषण केलं नाही. कप्तान चकचकीत बुटांसकट गुडघाभर पाण्यात उभे होते. बोटीवर चढायला त्यांनी पाद्रींना खांद्याचा आधार दिला आणि हळूच म्हणाले, "बाक मी दिलं नव्हतं, पाद्रे." पाद्रे म्हणाले, "आज दिलंत."

आता नव्या पाद्रींचं प्रवचन वीस मिनिटं चालतं. लोक जांभया देत म्हणतात, "पाद्रे दुलो असते तर!" मानांग मात्र रोज नव्या पाद्रींच्या नाकासाठी आल्याचा काढा घेऊन येते आणि संपेपर्यंत समोरून हलत नाही.

माझं म्हणाल, तर आवाज फाटलाय. बिनवायरीच्या नव्या माइकचं खोकं येऊन पडलंय. मला मेणबत्त्यांच्या कपाटात ठेवा, माझी हरकत नाही. फक्त समारंभ नको. कुणाला दोन चांगले शब्द बोलायचेच असतील, तर मला बंद करा आणि जवळ येऊन सांगा. ऐकण्यासाठीच तर मी जन्मलो.